डबा, सुतळी आणि रवी : युद्धकैद्यांच्या वस्तूंमधले विज्ञान

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. एखादे रसायन संपले की मागणीपत्र लिहायचे, उपकरण बिघडले की दुरुस्ती करणाऱ्याला बोलवायचे, ही आमची नेहमीची रीत. शाळांमध्ये तर तक्रार याच्याही पुढची असते. परीक्षानळ्या फुटल्या, स्पिरिट संपले, वोल्टमापक बंद आहे, म्हणून प्रयोग राहून गेला. तक्रार खोटी नसते. साधने हवीतच. पण साधने मुळीच नसतील, मागणीपत्र घेणाराही कुणी नसेल आणि तरीही वस्तू हवीच असेल, तर काय होते? हा प्रश्न काल्पनिक नाही. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी माणसांपुढे तो तीनचार वर्षे रोज उभा होता. ही माणसे म्हणजे युद्धकैदी.

या कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंची यादी मोठी आहे. चमचे, कंगवे, झाडू, चपला, साबण, दिवे, चुली, रेडिओ, कृत्रिम पाय, सलाईनच्या नळ्या. यांतल्या काही वस्तू आज संग्रहालयांत आहेत आणि तिथे जाणारी माणसे कैद्यांच्या हुशारीचे कौतुक करतात. कौतुक रास्तच आहे; पण 'हुशारी' या शब्दाने फारसे काही कळत नाही. या वस्तू बनवणाऱ्यांनी नेमके काय केले, कोणते तत्त्व वापरले, हे पाहिले तर विज्ञान शिकण्या-शिकवण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. ती थोडक्यात अशी : हवी ती वस्तू नसते तेव्हा तिच्या नावाचा उपयोग नसतो, ती कोणते काम करते आणि ते काम कोणत्या गुणधर्मामुळे होते, हे ठाऊक असावे लागते. चार उदाहरणे घेऊन हे पाहू.

उलट्या नावाचा डबा

जर्मनीच्या ताब्यातील ब्रिटिश, कॅनेडियन व अमेरिकन कैद्यांना रेडक्रॉस संस्थेकडून खाद्यपदार्थांची पुडकी मिळत. त्यांपैकी कॅनेडियन पुडक्यात दुधाच्या भुकटीचा एक डबा असे. भुकटीचे नाव 'क्लिम'. इंग्रजीत दुधाला जो शब्द आहे त्याची अक्षरे उलटी लिहिली की हे नाव तयार होते. भुकटी पोटात गेली की डबा रिकामा, आणि कैद्यांच्या दृष्टीने खरी मौल्यवान वस्तू होती ती हीच.

का बरे? हा डबा कथलाचा मुलामा दिलेल्या पातळ लोखंडी पत्र्याचा असे. असा पत्रा बोथट सुरीनेही कापता येतो, हाताने वाकवता येतो, दोन कडा एकमेकींत अडकवून ठोकल्या की जोड पक्का बसतो. तो आगीवर ठेवता येतो आणि कथलामुळे लवकर गंजत नाही. मांसाच्या डब्यांच्या जोडांवरचे डाख वितळवून गोळा केले की डाख देण्याचीही सोय होई. म्हणजे कापता येणे, वाकणे, उष्णता सोसणे, गंज न धरणे असे चार गुणधर्म एका डब्यात एकत्र होते. त्यातून ताटे, पेले, किसण्या, भाजण्याची भांडी झाली. पण सर्वांत गमतीची वस्तू म्हणजे फुंकणीची चूल.

कैद्यांना मिळणारे जळण अगदी तुटपुंजे. लाकडाच्या ढलप्या, पुठ्ठा, कोळशाचा चुरा. उघड्यावर पेटवले तर ते धुमसते आणि चहाचे आधणही येत नाही. जळण किती वेगाने जळेल हे त्याच्या राशीवर कमी आणि त्याला मिळणाऱ्या प्राणवायूवर जास्त अवलंबून असते. जळण धुमसते तेव्हा तापलेल्या लाकडातून निघणारे ज्वलनशील वायू न जळताच धुराबरोबर निघून जातात. म्हणजे उष्णतेचा मोठा वाटा धुरात जातो. खालून जोराने हवा दिली की हे वायूही जळतात, तापमान वाढते आणि तेवढ्याच ढलप्यांवर पाणी उकळते. लोहाराचा भाता हेच करतो.

कैद्यांजवळ भात्याला चामडे नव्हते. त्यांनी पंखा केला. पत्र्याची पाती एका आसाभोवती बसवली आणि ती गोल डब्यात ठेवली. पंखा फिरला की पात्यांमधली हवा परिघाकडे फेकली जाते, तिच्या जागी मध्यावरच्या भोकातून नवी हवा आत येते, आणि परिघाला जोडलेल्या नळीतून हवेचा झोत चुलीखाली जातो. आता पंखा वेगाने फिरवायचा कसा? हाताने दांडा फिरवून मिनिटाला फार तर साठ-सत्तर फेरे होतात. म्हणून दांडा एका मोठ्या चाकाला लावला, पंख्याच्या आसावर लहान चाक बसवले आणि दोन्हींवरून बुटाच्या नाडीचा पट्टा फिरवला. समजा, मोठ्या चाकाचा व्यास २० सेंटिमीटर आणि लहान चाकाचा अडीच सेंटिमीटर आहे. मोठे चाक एकदा फिरले की लहान चाक आठ वेळा फिरते. साठ फेऱ्यांचे चारशे ऐंशी होतात.

हे यंत्र आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला कणसे भाजणारा विक्रेता एका हाताने जो पंखा फिरवत असतो, तो याच जातीचा. पुढच्या वेळी कणीस घेताना त्याच्या मोठ्या व लहान चाकांचे व्यास डोळ्यांनी मोजायला सांगा.

हेच डबे एका गंभीर कामासाठीही वापरले गेले. आज पोलंडमध्ये असलेल्या झागान गावाजवळ 'स्टालाग लुफ्ट ३' ही पकडलेल्या वैमानिकांची छावणी होती. तेथील कैद्यांनी जमिनीखाली सुमारे नऊ मीटर खोलीवर शंभर मीटरहून लांब भुयार खणले. इतक्या लांब आणि अरुंद भुयारात खणणाऱ्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो. माणूस गुदमरतो, दिवा विझतो. म्हणून तळ काढलेले क्लिमचे डबे एकापुढे एक जोडून भुयाराच्या जमिनीखाली हवेची नळी टाकली आणि सामानाच्या पिशव्यांपासून केलेल्या भात्याने तीतून ताजी हवा ढकलली. २४ मार्च १९४४ च्या रात्री या भुयारातून ७६ जण बाहेर पडले. तिघे सुटले. पुन्हा पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. दुधाच्या डब्याची गोष्ट इथे थांबते.

दालचिनी लावलेली सुतळी

दुसरे उदाहरण बोर्निओ बेटावरच्या सांडाकान येथील छावणीचे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. तिथे पकडलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांपैकी अनेकांना विमानतळ बांधण्यासाठी जपान्यांनी या छावणीत नेले. बाहेरच्या जगाची बातमी नाही आणि ती मिळवण्याचा प्रयत्न केल्यास शिक्षा मृत्यूची. तरीही लेफ्टनंट रॉड वेल्स व त्यांच्या सोबत्यांनी तिथे रेडिओ बनवला.

व्हॉल्वसारखे काही भाग छावणीत बनवणे अशक्यच होते. ते बाहेरच्या स्थानिक मित्रांनी जिवावर उदार होऊन पुरवले. बाकीचे भाग कसे करायचे? रेडिओच्या मंडलात रोधक लागतात, म्हणजे आपण ज्यांना रेझिस्टर म्हणतो ते. रोधकाचे काम एवढेच की विजेच्या वाटेत ठरावीक अडथळा निर्माण करायचा. तांब्याची तार अडथळा फार कमी करते, कोरडी सुतळी वीज जाऊच देत नाही. हवे होते या दोहोंच्या मधले काही. कार्बन तसा पदार्थ आहे. वेल्स यांनी सुतळीच्या तुकड्यावर जळलेल्या दालचिनीच्या सालीचा कोळसा चोळला. सुतळीच्या तंतूंवर कार्बनच्या कणांचा पातळ, सलग थर बसला. रोध वाढवायचा असेल तर सुतळी लांब घ्यायची, कमी करायचा असेल तर आखूड. तारेचा रोध तिच्या लांबीच्या सम प्रमाणात असतो, हा आपण नववी-दहावीत शिकवतो तोच नियम.

धारित्र म्हणजे कपॅसिटर. त्याचे स्वरूप आपल्या पुस्तकात दिलेले असते : दोन धातूचे पत्रे आणि मध्ये विद्युतरोधक. चहाच्या खोक्यांना आतून धातूचा पातळ वर्ख लावलेला असे. तो सोलून काढला, मध्ये जुने वर्तमानपत्र घातले, की धारित्र तयार. पत्रे जितके मोठे आणि मधला कागद जितका पातळ, तितकी धारिता जास्त. कमी जागेत मोठे पत्रे बसवायचे तर गुंडाळी करावी लागते, आणि कारखान्यातले कागदी धारित्रही गुंडाळीच असते.

तिसरी अडचण विजेची. छावणीच्या वीजघरातून मिळे ती प्रत्यावर्ती वीज, म्हणजे सतत दिशा बदलणारी; आणि व्हॉल्वला हवी एकाच दिशेची. विजेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या साधनाला एकदिशकारक म्हणतात. वेल्स यांनी तो रासायनिक पद्धतीने, द्रावण भरलेल्या नळ्या एकामागे एक जोडून साधला. अशा एकदिशकारकाचे तत्त्व समजायला सोपे आहे. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात ॲल्युमिनियमची एक पट्टी व दुसऱ्या धातूची किंवा कार्बनची एक पट्टी बुडवली, तर ॲल्युमिनियमवर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो. हा थर एका दिशेने विजेला अडवतो, दुसऱ्या दिशेने वाट देतो. एक नळी थोडाच दाब सोसते, म्हणून अनेक नळ्या ओळीने जोडाव्या लागतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेल्स यांनी 'रेझिस्टर कुठे मिळेल?' असा प्रश्न विचारला असता तर उत्तर 'कुठेच नाही' एवढेच होते. त्यांनी विचारले, 'कोणता पदार्थ विजेला थोडा अडवतो आणि थोडा जाऊ देतो?' या प्रश्नाची उत्तरे स्वयंपाकघरातही होती.

जुलै १९४३ मध्ये हे सारे उघडकीस आले. कैद्यांचे गुप्त संघटन चालवणारे कॅप्टन लायोनेल मॅथ्यूज यांना २ मार्च १९४४ रोजी कुचिंग येथे गोळ्या घालण्यात आल्या. त्याच दिवशी त्यांना मदत करणाऱ्या आठ स्थानिक माणसांनाही. वेल्स यांना दीर्घ मुदतीची कैद झाली व सिंगापूरच्या तुरुंगात पाठवले गेले. शिक्षेने ते वाचले, असे म्हणावे लागते; कारण सांडाकानला मागे राहिलेल्या सुमारे २,४०० ऑस्ट्रेलियन व ब्रिटिश कैद्यांपैकी युद्धाच्या शेवटी फक्त सहा जण जिवंत उरले, आणि ते सहाही पळून गेलेले होते.

भातातून गेलेली दृष्टी

तिसरी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्याइतकी रोजच्या वापरातली दुसरी नाही. ती म्हणजे जीवनसत्त्व.

जपानच्या ताब्यातील कैद्यांचे मुख्य अन्न पॉलिश केलेला पांढरा भात. तांदळाच्या दाण्यावरचा कोंडा आणि अंकुर काढून टाकले की त्यांच्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, बहुतांशी निघून जाते. पिष्टमय पदार्थांतून शरीराला ऊर्जा मिळते त्या प्रक्रियेत थायमिन लागते. म्हणजे जितका भात जास्त, तितकी त्याची गरज जास्त. ते मिळाले नाही की बेरीबेरी होतो : पाय जड होतात, सुजतात, मज्जातंतू निकामी होतात, शेवटी हृदय थांबते. 'ब' गटातील इतर जीवनसत्त्वेही भातात अपुरीच. त्यामुळे ओठ फाटणे, पायांची आग होणे आणि दृष्टी मंद होत जाणे हे विकार छावण्याछावण्यांतून पसरले.

यातला दैवदुर्विलास असा की हा रोग प्रथम उलगडला तो याच भागात, जावा बेटावर. डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या सुमारास दिसले की लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि सडीचा तांदूळ मिळाला की त्या बऱ्या होतात. मग फोरडरमान या दुसऱ्या वैद्याने जावातील १०१ तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी झालेला होता. सडीचा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांमागे जेमतेम एकाला. तुरुंगातल्या कैद्यांकडूनच जगाला हे ज्ञान मिळाले होते. १९२६ मध्ये यान्सेन व डोनाथ यांनी जावातच तांदळाच्या कोंड्यातून थायमिनचे स्फटिक वेगळे केले आणि १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९४२ मध्ये त्याच बेटावर, कारण पूर्ण ठाऊक असताना, माणसे त्याच रोगाने मरू लागली.

आपल्या कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. भात न सडता आधी भिजवून उकडला की सालीजवळचे थायमिन दाण्याच्या आत मुरते आणि नंतर सडले तरी बरेचसे टिकते. ही चाल ज्यांनी पाडली त्यांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. छावणीत धान्य निवडण्याची मुभाच नव्हती. मिळेल तिथे डॉक्टर मंडळी कोंडा मागून घेत. सिंगापूरच्या चांगी छावणीत गवत कुटून, पाण्यात भिजवून त्याचा हिरवा कडू अर्क कैद्यांना पाजत. पानांत ब-२ असते म्हणून.

जावातील सुराबाया येथील यारमार्क्ट छावणीत लेस्ली ऑडस नावाचे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हवाई दलात ते रडार अधिकारी म्हणून गेले होते. तिथे कैद्यांची दृष्टी जाऊ लागली तेव्हा ऑडस यांनी यीस्ट वाढवायचे ठरवले. यीस्ट हा एकपेशीय जीव. 'ब' गटातील बरीच जीवनसत्त्वे तो स्वतःच तयार करतो. त्याला साखर, थोडी नत्रयुक्त द्रव्ये व क्षार दिले की झाले. म्हणजे यीस्ट हा जीवनसत्त्वांचा कारखाना. आणि हा कारखाना असा की थोडेसे बीज ठेवले की दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो.

पण यीस्टला हवी साखर आणि छावणीत होते पिष्ट. यीस्ट पिष्ट खाऊ शकत नाही. पिष्टाची साखर करणारे विकर लागते, आणि ते मोड आलेल्या धान्यात असते, कारण उगवणाऱ्या रोपालाही दाण्यातले पिष्ट साखर करूनच वापरावे लागते. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात. मोड आल्यावर तिला गोडी येते ती यामुळेच. यारमार्क्टला ऑडस यांनी मोड आलेला मका वापरला.

१९४३ मध्ये ऑडस यांच्यासह सुमारे दोन हजार कैद्यांना मोलुक्का बेटांपैकी हारुकू या बेटावर धावपट्टी बांधायला पाठवले. तिथे मका नव्हता. विकर कुठून आणायचे? ऑडस व त्यांच्या डच सोबत्याने बुरशीकडे मोर्चा वळवला. काही बुरशा पिष्टाची साखर करणारे विकर बाहेर सोडतात. बुरशी पिष्टावर वाढवली, साखर झाली, यीस्टला अन्न मिळाले. याच बुरशीचा दुसरा उपयोग झाला सोयाबीनसाठी. अर्धवट शिजलेले सोयाबीन कैद्यांच्या खंगलेल्या आतड्यांतून न पचताच बाहेर पडे. जावाचे लोक शिजवलेल्या सोयाबीनवर बुरशी वाढवून 'तेंपे' नावाची वडी करतात. बुरशीची विकरे दाण्यातील प्रथिने आधीच मोडून ठेवतात, म्हणून ती पचते. जावाच्या घराघरांतली ही कृती छावणीत औषध ठरली. परदेशी शास्त्रज्ञाने स्थानिक बायाबापड्यांचे ज्ञान ओळखले आणि त्यामागचे कारण ठाऊक असल्याने ते नव्या जागी लागू केले. दोन्ही ज्ञाने सारखीच मोलाची.

ऑडस युद्धानंतर लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि वनस्पतींच्या संप्रेरकांवरील त्यांचे काम प्रसिद्ध आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या नेत्रपटलाला झालेली इजा कायम राहिली.

रक्त घुसळणारी रवी

चौथे उदाहरण थायलंड आणि ब्रह्मदेश यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरचे. १९४२-४३ मध्ये हा मार्ग युद्धकैद्यांकडून आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त संख्येने आणलेल्या आशियाई मजुरांकडून बांधून घेण्यात आला. या मजुरांत मलायाच्या मळ्यांतील तमिळ भारतीय फार मोठ्या संख्येने होते.

थायलंडमधील चुंगकाई येथे कैद्यांचे रुग्णालय होते. तिथे जेकब मार्कोविट्झ हे कॅनेडियन शल्यविशारद व शरीरक्रियाशास्त्रज्ञ कैदी म्हणून काम करत. कुजलेल्या व्रणांमुळे पाय कापावे लागलेल्या रुग्णांना रक्त द्यायचे होते. देणारे कैदी तयार होते. अडचण अशी की शरीराबाहेर काढलेले रक्त काही मिनिटांत गोठते. दवाखान्यात त्यासाठी सोडियम सायट्रेट घालतात. ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. चुंगकाईला सायट्रेट नव्हते.

मार्कोविट्झ यांनी प्रश्न उलटा केला. रक्त गोठते म्हणजे काय होते? रक्तद्रवात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिन नावाचे न विरघळणारे धागे होतात आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. गोठणे थांबवता येत नसेल तर धागे होऊ द्यावेत आणि काढून टाकावेत. रक्त भांड्यात पडत असतानाच ते चमच्याने सतत ढवळत राहायचे. धागे तयार होतात आणि चमच्याला चिकटतात. मग उरलेले रक्त जाळीदार कापडाच्या अनेक घड्यांतून गाळून घ्यायचे. लाल पेशी शाबूत राहतात, रक्त पुन्हा गोठत नाही. आपल्या स्वयंपाकघरात ताक करताना लोणी रवीला आणि भांड्याच्या कडेला गोळा होते, ते चित्र डोळ्यांसमोर आणावे. फरक इतकाच की इथे गोळा काढून टाकायचा आणि 'ताक' वापरायचे. रक्तगट जुळतो की नाही, हे आधी दोघांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून पेशींच्या गुठळ्या होतात का हे पाहून ठरवत.

हे तंत्र मार्कोविट्झ यांनी नव्याने शोधलेले नव्हते. रक्तातून फायब्रिन काढणे शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. सायट्रेट आल्यावर मागे पडले होते. जुने, टाकून दिलेले ज्ञान कुणाच्या तरी डोक्यात शिल्लक होते म्हणून माणसे जगली.

त्याच मार्गावर १९४३ मध्ये पटकी आली. पटकीत माणूस जंतूपेक्षा शरीरातील पाणी व क्षार गेल्याने मरतो. शिरेतून मिठाचे पाणी देणे हा उपाय. पण ते पाणी शुद्ध हवे आणि मिठाचे प्रमाण रक्ताशी जुळणारे, म्हणजे लिटरला सुमारे ९ ग्रॅम हवे. मीठ कमी पडले तर लाल पेशी पाणी शोषून फुटतात, जास्त झाले तर आक्रसतात. कैद्यांतल्या अभियंत्यांनी ऊर्ध्वपातनाची यंत्रे उभारली. मोटारीतून काढलेली पेट्रोलची नळी वेळूच्या पोकळीतून नेली आणि वेळूतून गार पाणी सोडले. आतून वाफ जाते, बाहेरून पाणी वाहते, वाफेचे थेंब होतात. हा आपला लीबिगचा संघनक. काचेच्या जागी वेळू. मग बाटली, स्टेथस्कोपची रबरी नळी आणि तासून टोकदार केलेली वेळूची बारीक सुई. शाळेतला संघनक ज्याने नीट पाहिला होता त्याला वेळूतही तो दिसला.

ज्ञानाने काय होत नाही

ही उदाहरणे वाचून 'इच्छा असेल तिथे वाट सापडते' असे फळ्यावर लिहायचा मोह होतो. तो टाळावा. तोक्यो येथील युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात नोंदवल्याप्रमाणे जपानच्या ताब्यातील ब्रिटिश, अमेरिकन व मित्रदेशीय कैद्यांपैकी सुमारे २७ टक्के मेले. जर्मनी व इटलीच्या ताब्यातील अशा कैद्यांपैकी सुमारे ४ टक्के. दोन्हीकडची माणसे सारखीच शिकलेली होती. फरक अन्नाचा, औषधांचा आणि वागणुकीचा होता.

याहून कटू गोष्ट म्हणजे त्याच जर्मनीच्या ताब्यातील सुमारे ५७ लाख सोविएत कैद्यांपैकी ३० लाखांहून अधिक मारले गेले किंवा उपासमारीने व रोगाने मेले. त्यांना रेडक्रॉसची पुडकी मिळाली नाहीत. क्लिमचा डबाच मिळाला नाही, तेव्हा त्याची चूल कुठून होणार? लोहमार्गावर मेलेल्या आशियाई मजुरांजवळ मार्कोविट्झ नव्हते, औषधांची देखरेख करणारे त्यांचे कुणीच अधिकारी नव्हते. त्यांच्या वस्तू संग्रहालयांत फारशा दिसत नाहीत. संग्रहालयातली चूल पाहताना हे विसरता कामा नये की तुटपुंजी का होईना सामग्री, आणि एकमेकांना शिकवू शकणारी वेगवेगळ्या व्यवसायांची माणसे, या दोन गोष्टी जिथे होत्या तिथेच ज्ञानाला हातपाय फुटले. वनस्पतिशास्त्रज्ञाला भांडी करून देणारा पत्रेकामगार लागला, शल्यविशारदाला सुतार लागला, रेडिओ करणाऱ्याला वीजघरातला कामगार लागला.

म्हणून शाळेत साधने नसणे ही अभिमानाची गोष्ट नाही. साधने मागावीत, मिळेपर्यंत मागावीत. मात्र साधने असोत वा नसोत, विद्यार्थ्याला कोणता प्रश्न विचारायची सवय लागते, हे शिक्षकाच्या हाती आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

पहिली कृती सुतळीच्या रोधकाची. मऊ, काळ्या शिसाच्या पेन्सिलीने कागदावर दहा सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टा गडद रंगवा. ९ व्होल्टची बॅटरी, एक लहान एलईडी दिवा आणि दोन तारा घ्या. एका तारेचे टोक पट्ट्याच्या एका कडेला टेकवा, दुसरे पट्ट्यावरून हळूहळू जवळ आणा. एलईडी थेट बॅटरीला जोडू नका आणि तारांची टोके एकमेकांच्या अगदी जवळ आणू नका, नाहीतर तो जळेल. अंतर कमी होताना प्रकाश कसा बदलतो हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. घरातल्या विजेशी मात्र असे प्रयोग कधीही करू नयेत.

दुसरी कृती यीस्टची. दोन बाटल्यांत कोमट पाणी व यीस्ट घ्या. एकीत साखर, दुसरीत तेवढेच तांदळाचे पीठ घाला आणि तोंडाला फुगे बांधा. कोणता फुगा लवकर फुगतो? आता तिसरी बाटली करा : तांदळाच्या पिठाची पातळ पेज निवू द्या, तीत मोड आलेल्या नाचणीचे वाटण मिसळून तासभर कोमट ठेवा, मग यीस्ट घाला. हारुकूवरचा प्रश्न आणि यारमार्क्टचे उत्तर, दोन्ही टेबलावर दिसतील.

तिसऱ्या कृतीला काहीच सामान लागत नाही. वर्गातली कोणतीही एक वस्तू घ्या : खडू, डस्टर, छत्री, कुलूप. तिचे नाव न घेता ती कोणते काम करते ते एका वाक्यात लिहायला सांगा. मग ते काम कोणत्या गुणधर्मामुळे होते ते लिहायला सांगा. शेवटी तोच गुणधर्म असलेल्या, शाळेच्या आवारात सापडणाऱ्या तीन गोष्टी शोधायला सांगा. पहिले वाक्य विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जाते, असा आमचा अंदाज आहे. वस्तूंची नावे आपण त्यांना लहानपणापासून शिकवत असतो; वस्तूंची कामे विचारायला मात्र अनेकदा विसरतो.